पिक्चरवेड्या दोस्तांसाठी ॲप डिझाईन करायचंय? साताऱ्यात बसून सुरुवात अशी करा

कोडिंग येत नसलं तरी ॲपची कन्सेप्ट डिझाईन करता येते, हे आधी डोक्यात क्लिअर करून घ्या. कन्सेप्ट म्हणजे काय, तर हे ॲप कोणासाठी, त्यांची नेमकी कुठली अडचण सुटणार आणि माणूस कुठल्या स्क्रीनवरून कुठं जाणार, एवढं आधी कागदावर आणि मग मोबाईलवर दाखवता येणं. सामान म्हणाल तर एक कोरी वही, पेन्सिल, लॅपटॉप (मित्राचा पण चालतोय) आणि पाचसहा पिक्चरवेडे दोस्त. हे शेवटचं सामान साताऱ्यात पोवई नाक्यापासून राजवाड्यापर्यंत कुठंही मिळतं, त्याची काळजी नको.

आता माझं स्पष्ट मत आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढचं वाचताना गोंधळ नको. "पिक्चरप्रेमींसाठी सोशल ॲप" म्हटलं की नव्वद टक्के पोरं लगेच फीड, लाईक, फॉलोअर, स्टोरी, रील असलं सगळं काढत बसतात आणि होतं काय तर इन्स्टाग्रामची गरीब कॉपी. ते नका करू. दोस्तांच्या ग्रुपची खरी अडचण एकच असते, "कुठला बघायचा आणि कोण कोण येणार", आणि ती सुटली तरच तुमचं ॲप कोणी दुसऱ्यांदा उघडणार.

आधी ग्रुपवरची भांडणं वाचा

पहिलं काम स्क्रीन काढायचं नाहीच. तुमचा व्हॉट्सॲप ग्रुप उघडा आणि मागच्या सगळ्या पिक्चर प्लॅनचे मेसेज वर जाऊन नीट वाचा. साधारण असलं काहीतरी सापडेल:

"उद्या पिक्चर?"
(चार अंगठे)
"कुठला?"
"कुठला पण चालेल"
"तो नवीन हॉरर?"
"हॉरर नको यार"
"मग तू सांग"
"बघू"
(तीन तास कोणीच काही नाही)
"अरे तिकिटं गेली"

या दहा ओळी म्हणजे तुमच्या ॲपचं सगळं सिलॅबस आहे. यात "कुठला पण चालेल" म्हणणारा गडी सगळ्यात डेंजर, कारण एखादं नाव पुढं आलं की नको म्हणणारा हाच असतो. "बघू" म्हणणाऱ्याला यायचंच नाहीये पण तो तसं बोलत नाही. आणि तीन तासांची शांतता का पडली, तर ठरवायची जबाबदारी कोणाचीच नाही आणि कधीपर्यंत ठरवायचं तेही कोणी सांगितलेलं नाही. अशी प्रत्येक अडकलेली जागा वहीत लिहा, शेजारी कोणामुळं अडकलं ते नाही, कशामुळं अडकलं ते लिहा.

मग एक वाक्य तयार करा. उदाहरणार्थ, "सहा ते दहा जणांच्या ग्रुपला शनिवारचा पिक्चर शुक्रवारी रात्री नऊच्या आत भांडण न होता ठरवता यावा." हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात. पुढं कोणी "चॅटबॉट टाकूया का" म्हटलं की या वाक्याकडं बोट दाखवायचं.

बाजारात काय आहे ते बघून घ्या

लेटरबॉक्स्ड नावाचं न्यूझीलंडमधून २०११ ला सुरू झालेलं ॲप आहे, त्यात पाहिलेल्या पिक्चरची डायरी ठेवता येते, रिव्ह्यू लिहिता येतात, याद्या करता येतात. भारी आहे, वापरून बघाच, पण ते एकट्या माणसाच्या आवडीभोवती फिरतं. आयएमडीबी १९९० पासून आहे, माहितीचा खजिना, पण दोस्तांचं काय त्याला घेणंदेणं नाही. बुकमायशो तुमचं ठरल्यानंतर कामाला येतं. राहिला तुमचा खरा प्रतिस्पर्धी, तो म्हणजे व्हॉट्सॲपचा पोल. फुकट आहे, सगळ्यांकडं आहे, बारापर्यंत पर्याय टाकता येतात. तुमचं ॲप या पोलपेक्षा नेमकं कशात चांगलं हे एका दमात सांगता आलं नाही तर तिथंच थांबून परत विचार करा.

माझ्या मते उत्तर आहे, पुढं मतदानाच्या भागात येईलच.

माणसांशी बोला, पण प्रश्न नीट विचारा

"असं ॲप काढलं तर वापरशील का?" हा प्रश्न विचारूच नका. आपल्याकडं कोणी तोंडावर नाही म्हणत नाही, सगळे "भारी आयडिया भावा" म्हणणार आणि कोणी डाउनलोड करणार नाही. त्यापेक्षा झालेल्या गोष्टी विचारा. मागचा पिक्चर कोणाबरोबर बघितला, नाव कोणी सुचवलं, तुला तो बघायचा होता का, तिकिटाचे पैसे कोणी भरले, ते परत मिळाले का (इथं माणूस हमखास मोकळा होतो). जो प्लॅन फिस्कटला तो कुठं फिस्कटला. विचारलं की गप्प बसायचं, समोरच्याला बोलू द्यायचं.

फक्त आपल्या वयाच्या पोरांना विचारू नका. घरात वहिनीला विचारा, कारण बायकांचा ग्रुप पिक्चरला निघतो तेव्हा शो किती वाजता सुटतोय आणि परतायला गाडी कोणाची हे पिक्चरच्या नावाआधी ठरतं. कोरेगाव नाहीतर रहिमतपूरवरून येणाऱ्या मित्राला विचारा, त्याला रात्रीचा शो म्हणजे शेवटच्या एसटीचं टेन्शन. म्हणजे मतदान नुसतं नावावर घेऊन चालत नाही, पिक्चर आणि शोची वेळ अशी जोडी लागते. ही असली गोष्ट घरात बसून सुचत नाही.

मतदान: इथंच सगळा खेळ आहे

इथं जरा वेळ द्या. समजा सात जण आहेत, तीन पिक्चर आहेत, एक हॉरर, एक मराठी कौटुंबिक, एक मारधाडीचा. प्रत्येकाला एकच मत दिलं तर हॉररला ३, मराठीला २, मारधाडीला २. हॉरर जिंकला. पण सातातल्या चौघांना हॉरर नको होता! ते चौघे येणार नाहीत, किंवा येऊन इंटरव्हलपर्यंत मोबाईल बघत बसणार.

आता नियम बदला. प्रत्येकानं "जे जे चालतील" त्या सगळ्यांवर टिक करायचं. हॉररवाल्या तिघांतल्या दोघांना मराठी पण चालतो, मारधाडवाल्या दोघांना मराठी चालतो, मराठीवाल्या एकाला मारधाड चालतो. मोजा आता: हॉरर ३, मारधाड ३, मराठी ६. लोक तेच, आवडी त्याच, निकाल वेगळा. याला अप्रूव्हल व्होटिंग म्हणतात आणि दोस्तांच्या ग्रुपसाठी मला हीच पद्धत सगळ्यात बरी वाटते, कारण इथं सगळ्यात लाडका पिक्चर शोधायचा नसून सगळ्यांना झेपेल असा शोधायचा असतो. व्हॉट्सॲप पोलमध्येही एकापेक्षा जास्त टिक करता येतात हे खरं, पण खालच्या चारही गोष्टी एकत्र तिथं मिळत नाहीत आणि तुमच्या ॲपचा जीव यातच आहे.

एक, मतदान बंद व्हायची वेळ. शुक्रवार रात्री ९, खल्लास. घड्याळ स्क्रीनवर दिसलं पाहिजे.

दोन, बंद होईपर्यंत कोणाचं मत कुठं पडलं ते लपवायचं. नाहीतर ग्रुपमधला दादा माणूस पहिला टिक करतो आणि बाकीचे त्याच्यामागं जातात. फक्त "७ पैकी ५ जणांचं झालं" एवढंच दाखवा.

तीन, नकाराधिकार. महिन्यातून एकदा प्रत्येकाला "हा अजिबात नको" म्हणता यावं, कारण न देता. एकदाच मिळतो म्हटल्यावर माणूस जपून वापरतो.

चार, ज्यानं मत दिलंच नाही त्याचं काय? माझं म्हणणं, त्याला सगळं चालतं असं धरायचं आणि तसं आधीच स्क्रीनवर लिहायचं. "कुठला पण चालेल"वाल्याचा बंदोबस्त यानंच होतो. बरोबरी झाली तर? ज्याचा सुचवलेला पिक्चर बरेच दिवस जिंकला नाही त्याचा नंबर. हे नियम कागदावर खेळून बघा, चिठ्ठ्या करून, खऱ्या शनिवारी. ॲपची एक ओळही न लिहिता निम्म्या चुका इथं कळतात.

आता स्क्रीन काढा, पेन्सिलनं

पहिल्या आवृत्तीला पाच स्क्रीन बास. लिंकवरून ग्रुपमध्ये शिरायची, नाव सुचवायची, मत द्यायची, निकाल आणि कोण येतंय त्याची, आणि पिक्चर बघून झाल्यावर एक ओळ लिहायची. वहीच्या एका पानावर मोबाईलएवढे चौकोन आखून काढा, रंगबिंग नको.

शिरायच्या स्क्रीनवर लोक सगळ्यात जास्त गळतात. व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवर टॅप केलं की थेट आपला ग्रुप आणि चालू मतदान दिसलं पाहिजे, नाव विचारा आणि सोडून द्या. ओटीपी, ईमेल, जन्मतारीख, "तुमचे आवडते पाच जॉनर निवडा" ही मिरवणूक दारातच नको. तसंही एसएमएसनं ओटीपी पाठवायचा तर ट्रायच्या (टेलिकॉम नियामक) नियमानुसार डीएलटी नावाच्या नोंदणीच्या सिस्टीमवर हेडर (पाठवणाऱ्याचं नाव) आणि टेम्प्लेट (मेसेजचा ठरलेला मजकूर) रजिस्टर करावं लागतं, वर प्रत्येक एसएमएसचे पैसे, नवख्या माणसानं पहिल्या दिवशी त्या फंदात पडायची गरज नाही.

रिकामी स्क्रीन विसरू नका. ग्रुप नवा आहे, एकही पिक्चर सुचवलेला नाही, तेव्हा काय दिसतं? पांढरं फटक पान दिसलं तर माणूस ॲप बंद पडलं समजतो. तिथं "अजून कोणीच नाव काढलं नाही, तू काढ" असं काहीतरी हवं, खाली मोठं बटण.

बटणाचं आलं म्हणून सांगतो, अँड्रॉइडसाठी बोटानं दाबायची जागा निदान ४८ बाय ४८ डीपी (स्क्रीनवरच्या मापाचं अँड्रॉइडचं एकक) ठेवायची असा संकेत आहे, ॲपलचा ४४ पॉइंटचा. टिक करायचे चौकोन बारीक काढू नका, त्यापेक्षा पिक्चरचं अख्खं कार्डच दाबता येऊ द्या.

आणि मराठी अक्षरं! इंग्रजी ॲपचं टेम्प्लेट उचलून त्यात मराठी भरलं की वरच्या मात्रा, रफार कापले जातात, खालचे उकार पुढच्या ओळीत घुसतात. दोन ओळींतली जागा अक्षराच्या साइझच्या दीडपट धरून सुरू करा. मुक्त, बलू, नोटो सान्स देवनागरी हे फॉन्ट गुगल फॉन्टवर फुकट आहेत. चेक करताना "कर्तृत्व", "मूर्ती", "ट्रॅक्टर", "दृष्टिकोन" असे वरखाली पसरणारे शब्द टाका, आणि फोनच्या सेटिंगमध्ये अक्षर सगळ्यात मोठं करून बघा, कारण वडिलांच्या फोनवर ते तसंच असतं. बटणावर "प्रस्तुत करा" असलं सरकारी मराठी नको. "ठरलं", "मी येतोय", "मी येतेय", "जमणार नाही" हे कसं वाटतं? मुलींनाही "येतोय" दाबायला लावणारी ॲप लई आहेत, तेवढं सांभाळा.

पिक्चरची माहिती कुठून आणायची

नाव, साल, पोस्टर, कलाकार ही माहिती टीएमडीबी नावाच्या डेटाबेसमधून मिळते, बिगर-व्यावसायिक वापराला फुकट, फक्त त्यांचा उल्लेख आणि लोगो ॲपमध्ये द्यावा लागतो. उद्या ॲपमधून पैसे कमवायला लागलात तर त्यांच्याशी वेगळं बोलावं लागेल. कुठला पिक्चर कुठल्या ओटीटीवर आहे ही माहिती त्यात जस्टवॉच नावाच्या साईटकडून येते, ती दाखवली तर जस्टवॉचचं नाव देणंही बंधनकारक.

नावाशेजारी साल कायम दाखवा. "श्यामची आई" शोधलं तर आचार्य अत्र्यांचा १९५३ चा पण आहे आणि २०२३ चा पण आहे, एकानं एक समजून टिक केलं आणि दुसऱ्यानं दुसरा, तर शनिवारी घरात प्रोजेक्टर लावल्यावर भांडण. शोधताना लोक मराठी नाव इंग्रजी अक्षरात वाट्टेल तसं टाईप करतात, एकच नाव चार स्पेलिंगनी, म्हणून थोडं चुकलं तरी जवळचं नाव सुचवणारी सर्च डिझाईनमध्ये आधीच लिहून ठेवा.

शोच्या वेळा आपोआप आणायच्या नादी सुरुवातीला लागू नका, नाव सुचवणाऱ्यानंच वेळ टाकायची. सेन्सॉरचं सर्टिफिकेट मात्र दाखवा. २०२४ च्या नोव्हेंबरपासून यूएचे तीन भाग झालेत, ७+, १३+ आणि १६+, लहान भाऊ-बहीण बरोबर येणार असतील तर हे आधी कळलेलं बरं.

पिक्चर बघून झाल्यावर पाच स्टार मागू नका. दोस्त दोस्ताला स्टार देऊन सांगत नाही, एक ओळ बोलतो. एक ओळ लिहू द्या, पण ज्यानं अजून बघितला नाही त्याला ती झाकलेली दिसली पाहिजे, "पाहिला" दाबल्यावर उघडेल. शेवट फोडणारा मित्र प्रत्येक ग्रुपात असतोच.

"भारी आयडिया"साठी वहीचं शेवटचं पान

आपल्या जिल्ह्यात एक मोह होणारच, शूटिंगच्या जागांचा नकाशा. वाई, मेणवली म्हणजे हिंदी पिक्चरवाल्यांचं दुसरं घर, २००४ च्या "स्वदेस"मधलं गाव म्हणजे मेणवली, घाटावर गेलं की लोक आजही तिथं उभं राहून फोटो काढतात. ॲपमध्ये "हा सीन इथं शूट झाला" अशी पिन, रविवारी बाईक काढायची, जाऊन तसाच फोटो. मला स्वतःला ही आयडिया मतदानापेक्षा जास्त आवडते, खोटं कशाला बोलू. पण पहिल्या पानावरचं वाक्य वाचा, त्यात हे बसत नाही. म्हणून वहीच्या शेवटच्या पानावर जायचं, दुसऱ्या आवृत्तीला. पैसे वाटून घ्यायचा हिशोब, घरबसल्या एकत्र बघायची सोय, क्विझ, सगळं तिकडंच.

मोबाईलवर दाखवा आणि गप्प बसा

कागदावरचं फिग्मा या स्क्रीन डिझाईन करायच्या सॉफ्टवेअरमध्ये चढवा. फ्री प्लॅन पुरतो, स्क्रीन एकमेकींना जोडून प्रोटोटाईप (दाबून बघता येणारा नमुना) करता येतो आणि फोनवर खऱ्या ॲपसारखा चालवता येतो. यूट्यूबवर दोन संध्याकाळ घालवल्या की हात बसतो.

मग एकेकाच्या हातात फोन द्या आणि काम सांगा, "शनिवारसाठी एक पिक्चर सुचव", बस. "इथं दाब, तिथं बघ" करायचं नाही. माणूस चुकला तरी बोलायचं नाही, हे सगळ्यात अवघड आहे, जीभ वळवळते. अंगठा कुठं अडला, कुठं मागं गेला, कुठं "हे काय?" म्हणाला ते लिहा. जेकब निल्सन या वापरसुलभतेच्या (वेबसाईट, ॲप वापरायला सोपं कसं करायचं) तज्ज्ञानं २००० मध्येच मांडलंय की पाच जणांवर टेस्ट केली तरी बहुतेक अडचणी बाहेर येतात, त्यामुळं पन्नास जण जमवायच्या भानगडीत न पडता पाच जण, दुरुस्ती, परत नवे पाच असं करा.

टेस्ट स्वस्तातल्या अँड्रॉइडवर आणि भर दुपारी बाहेर उन्हात पण घ्या, फिक्या राखाडी अक्षरांची सगळी फॅशन तिथं उतरते. आणि रेंज नसली तर काय? कासच्या पुढं बामणोलीच्या बाजूला गेलेल्या मित्राचं मत वाया जायला नको, टिक केलेलं फोनमध्ये सेव्ह राहून रेंज आल्यावर गेलं पाहिजे, आणि "अजून पोचलं नाही" हे त्याला दिसलं पाहिजे.

नंबर, वय आणि नकोसे लोक

व्हॉट्सॲप ग्रुपात एकदा ॲड झालं की साधारण सगळ्यांना सगळ्यांचे नंबर दिसतात. मित्राच्या मित्रालाही. बऱ्याच मुली पिक्चरच्या ग्रुपात यायचं टाळतात त्यातलं एक कारण हे, विचारून बघा. तुमच्या ॲपमध्ये नंबर कोणालाच दिसू नये, फक्त नाव. कॉन्टॅक्टची परमिशन मागू नका, लिंकवर काम चालतंय. लोकेशनही नको. ग्रुप कायम खाजगी, गुपचूप बाहेर पडता आलं पाहिजे, "अमुक बाहेर पडला" अशी दवंडी नको.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचा माणूस म्हणजे मूल, आणि त्याचा डेटा घ्यायचा तर पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. अकरावी-बारावीची पोरं वापरणार असतील तर हे आत्ताच ध्यानात घ्या, नाहीतर सुरुवातीला १८ च्या वरच्यांसाठीच ठेवा. खातं बनवता येत असेल तर ॲपमधूनच ते डिलीट करायची सोय प्ले स्टोअरला लागते, त्याची स्क्रीन पण काढून ठेवा.

खरंच बनवायचं ठरलं तर

कोडिंगवाला दोस्त भेटला आणि ॲप झालं, तर गुगल प्लेचं खातं एकदाच २५ डॉलर, ॲपलचं वर्षाला ९९ डॉलर. आपल्याकडं अँड्रॉइडच आधी, यात विचार करण्यासारखं काही नाही. प्लेवर नव्या वैयक्तिक खात्याला सगळ्यांसाठी ॲप खुलं करायच्या आधी १२ जणांना सलग १४ दिवस टेस्टिंगला ठेवावं लागतं. बरीच पोरं यासाठी ओळखीपाळखीचे बारा नंबर गोळा करतात आणि कोणी ॲप उघडत नाही. तुम्ही दोन खरे ग्रुप घ्या, एक तुमचा आणि एक वहिनीच्या मैत्रिणींचा.

१४ दिवसांत दोन शनिवार येतात. डाउनलोड मोजू नका, एवढंच बघा: शुक्रवारी नऊच्या आत ठरलं का, जिंकलेल्या पिक्चरला टिक करणाऱ्यांतले किती जण खरंच टॉकीजला आले, आणि दुसऱ्या शनिवारी ग्रुपनं स्वतःहून ॲप उघडलं की परत व्हॉट्सॲपवरच "उद्या पिक्चर?" आलं. तसं आलं, तर त्याच रात्री टाकणाऱ्याला फोन करून विचारा की ॲप का नाही उघडलं. सकाळपर्यंत थांबलात तर "अरे विसरलो" एवढंच उत्तर मिळेल.